स्थलांतरित महिलांसाठी आहाराची सत्रं: सुरुवात कुठून करावी?

ओंजळ

मंडळी, एका महिला गटासाठी आहारावर सहा सत्रं आखायची आहेत. गटात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या बायका आहेत, वय साधारण २५ ते ५५. कुणाला नव्या देशात येऊन सहा महिने झालेत, कुणाला आठ-दहा वर्षं. काही शिफ्टमध्ये काम करतात, काही घरीच असतात. तिथली भाषा निम्म्या जणींना जेमतेम येते आणि काहींना स्वतःच्या भाषेतही वाचता येत नाही.

सध्याचा कच्चा आराखडा: पहिल्या सत्रात वजन-उंची, दुसऱ्यात समतोल ताटाचं चित्र (अर्ध्यात भाज्या-फळं, पाव धान्य, पाव डाळ-अंडी-मासे-मांस), तिसऱ्यात साखर-मीठ-तेल, चौथ्यात पाकिटावरची माहिती कशी वाचायची, पाचव्यात पाककृती, सहाव्यात उजळणी.

शंका अशा:

१. ताटाचं चित्र कितपत उपयोगी? बऱ्याच घरांत सगळं एकाच भांड्यात शिजतं, खाणंही एकाच थाळीतून.
२. "काय खाता?" विचारलं की "घरचंच साधं" एवढंच उत्तर येतं. पुढे सरकायचं कसं?
३. कोणत्या कमतरतांवर खास बोलायला हवं?
४. सहा सत्रांनंतर फरक पडला की नाही, हे कशावरून ठरवायचं?

अनुभवकथन नको, पद्धत आणि आकडे हवेत.

---

मापटं

आराखडा नीटनेटका आहे, पण क्रम उलटा आहे. पहिल्याच दिवशी वजनकाटा ठेवलात तर दुसऱ्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील.

देश बदलल्यावर खाणं सगळीकडून सारखं बदलत नाही. आधी बदलतो नाश्ता, मग मधल्या वेळचं खाणं आणि पेयं. कुटुंब एकत्र बसतं ते मुख्य जेवण सगळ्यात शेवटी बदलतं, कधीकधी बदलतच नाही. कारण सरळ आहे. नाश्ता घाईत आणि एकट्यानं होतो, मधलं खाणं कामाच्या ठिकाणी जे हाताशी असेल ते, आणि पेयं मुलांच्या हट्टानं घरात येतात. म्हणजे आपण ज्या मुख्य जेवणावर तासभर बोलतो, ते बहुतेक घरांत मुळात ठीकच असतं. बिघाड त्याच्या आजूबाजूला असतो: जुनं जेवण तसंच, त्यावर नव्याची भर.

दुसरा बदल कमी दिसतो. गावाकडे जे सणासुदीला व्हायचं, ते नव्या ठिकाणी स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून रोजचं होऊन बसतं: मांस, तळलेलं, गोड. आणि निवडायला-शिजवायला वेळ लागणारं मागे पडतं, म्हणजे कडधान्यं आणि पालेभाज्या. चालणं कमी होतं ते वेगळंच.

म्हणून पहिलं सत्र याचं ठेवा: जमिनीवर तीन टोपल्या आणि पदार्थांचे फोटो. पहिली टोपली "इथे आल्यावर वाढलेलं", दुसरी "इथे आल्यावर कमी झालेलं", तिसरी "तसंच राहिलेलं". प्रत्येकीनं फोटो उचलून टोपलीत टाकायचे. वाचता येण्याची गरज नाही, भाषेचीही फारशी नाही. चाळीस मिनिटांत गटाचा नकाशा समोर येतो आणि पुढची पाच सत्रं कशावर घ्यायची ते त्यावरून ठरवता येतं. "आमचं जुनं खाणं वाईट" असा सूर लागत नाही, हाही फायदा. तो सूर एकदा लागला की पुढे काहीही सांगा, कुणी ऐकत नाही.

आता "घरचंच साधं" या उत्तराबद्दल. "सहसा काय खाता?" हा प्रश्नच टाका. फक्त कालचे चोवीस तास विचारा आणि पाच फेऱ्यांत विचारा:

पहिली फेरी: काल उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे तोंडात गेलं ते तिनं भराभर सांगायचं. मध्ये अजिबात टोकायचं नाही, प्रमाण विचारायचं नाही.

दुसरी फेरी: हमखास विसरलं जाणारं. पेयं, चहा-कॉफीतली साखर, स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं, कामावर कुणी पुढे केलेला खाऊ. ही फेरी गाळली तर दिवसभराची बरीचशी साखर नोंदीत येतच नाही.

तिसरी फेरी: प्रत्येक गोष्ट किती वाजता आणि कुठे. रात्रपाळी असेल तर "सकाळ-दुपार" हे शब्द वापरूच नका, "कामाला निघण्याआधी", "सुट्टीत", "परत आल्यावर" असं विचारा.

चौथी फेरी: किती आणि कसं केलेलं. यासाठी वाट्या, पेले, डाव समोर ठेवा. ग्रॅम कुणालाच सांगता येत नाहीत. एकाच थाळीतून खात असतील तर तिचा वाटा विचारू नका. भांड्यात एकूण किती होतं, किती जण बसले, ती सगळ्यांबरोबर बसली की मागाहून, आणि ती बसली तेव्हा थाळीत काय शिल्लक होतं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. घरातली बाई मागाहून बसत असेल तर भांड्यात डाळ-मांस पुरेसं असूनही तिच्या वाट्याला धान्य आणि रस्साच येतो.

पाचवी फेरी: यादी वाचून दाखवायची आणि "आणखी काही?" विचारायचं.

एकीला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा, असे दोन दिवस घ्या. एका दिवसावरून त्या बाईबद्दल निष्कर्ष काढू नका.

दुभाषी म्हणून तिच्या मुलाला किंवा मुलीला बसवू नका. पाळी, गरोदरपण, घरातले पैसे यांवर आई लेकरासमोर बोलणार नाही, आणि मूल स्वतःच्या चॉकलेटची वाक्यं गुपचूप गाळतं.

---

खलबत्ता

टोपल्यांची कल्पना उत्तम. मी ताटाच्या चित्रावर लिहितो.

चित्र वाईट नाही, पण सगळं एकत्र शिजणाऱ्या घरात ते निरुपयोगी. तिथे ताट सोडून भांड्याकडे बघायचं. वाढताना काही ठरत नाही, सगळं चिरताना ठरलेलं असतं. म्हणून प्रमाण कच्च्या मालावर सांगा. चार मोठ्या माणसांच्या एका जेवणासाठी ढोबळ माप असं:

धान्य कोरडं ३०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य कोरडं १५० ग्रॅम (किंवा मासे-मांस ४०० ग्रॅम), भाज्या ८०० ग्रॅम, तेल तीन मोठे चमचे.

यातून माणशी २०० ग्रॅम भाजी पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळांची आहे, म्हणजे निम्मं काम एका जेवणात होतं. मात्र बटाटा, रताळं, कसावा यांसारखे पिठूळ कंद त्या ४०० ग्रॅममध्ये मोजत नाहीत. ते धान्याच्या बाजूला टाकायचे. हा गोंधळ सगळ्या गटांत होतो आणि "भाजी भरपूर खातो" म्हणणाऱ्यांच्या भाजीत अर्धा बटाटा निघतो.

८०० ग्रॅम म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. काटा आणा, खरी भाजी आणा, प्रत्येकीला आधी अंदाजानं ढीग करायला लावा आणि मग तोला. हात एकदा बसला की पुढे काटा लागत नाही.

तेलासाठी सगळ्यात सोपी युक्ती: बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची. बाटली संपली की दिवस मोजायचे. चौघांच्या घरात एक लिटर तेल ३० दिवस गेलं तर माणशी दिवसाला साधारण ८ मिलि, म्हणजे ७० ते ७५ कॅलरी. दहा दिवसांत संपलं तर माणशी २५ मिलि, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. "तेल कमी करा" या उपदेशापेक्षा "ही बाटली दहाऐवजी पंधरा दिवस पुरवा" हे काम जास्त जमतं. तळणाचं तेल टाकून दिलं असेल तर तेवढं वजा करायचं, नाहीतर हिशोब उगाच घाबरवतो.

मिठाचंही तसंच. शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. चौघांना ५०० ग्रॅमचं पाकीट २५ दिवस. पण हे बाहेरचं काहीच खात नसतील तर. ब्रेड, चीज, सॉस, डबाबंद सूप, सुकवलेल्या रश्श्याच्या वड्या हे घरात येत असेल तर पाकीट त्याहून बरंच जास्त पुरायला हवं. रश्श्याच्या वडीत मीठ असतं हे बऱ्याच जणींच्या गावी नसतं. त्या वडीही टाकतात आणि वर नेहमीचं मीठही.

नव्या स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे कुणी बघत नाही, म्हणून थोडं तिच्यावर. ज्वाळेवर शिजवणारा हात विजेच्या शेगडीवर आला की तेल वाढतं. तवा उशिरा तापतो, बंद केल्यावरही तापलेलाच राहतो, मसाला तळाला लागतो, आणि लागू नये म्हणून तेल ओतलं जातं. उपाय: लागायला लागलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी शिंपडा, आणि शेगडी तीन-चार मिनिटं आधीच बंद करा, उरलेल्या आचेवर शिजू द्या. पातळ बुडाचं जुनं भांडं असेल तर जाड, सपाट बुडाचं घ्या. बुड सपाट नसेल तर विजेच्या शेगडीवर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात.

मंद आचेवर सहा-आठ तास शिजवणारं विजेचं भांडं नव्या देशात पुष्कळ जणी घेतात. त्यात कच्चा राजमा थेट टाकू नये, हे ठळक अक्षरांत सांगा. राजम्यात एक नैसर्गिक विष असतं. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. दहा मिनिटांची उकळी हे किमान, अर्धा तास उकळलेला बरा. मंद भांड्याचं तापमान बऱ्याचदा तिथवर पोचतच नाही, आणि अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो. दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या. आधी उकळा, मग भांड्यात टाका.

वेळ नाही म्हणून कडधान्यं सुटली असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा-एक किलो शिजवून ठेवायला शिकवा. उथळ डब्यांत पसरून गार करायची, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन दिवसांत लागतील तेवढी खाली, बाकीची एका जेवणाच्या मापानं फ्रीझरमध्ये. खोल पातेल्यात गार करायला ठेवली की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच जंतू वाढतात. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा, पुन्हा गरम करताना आतपर्यंत वाफ निघायला हवी. शिजवलेल्या भातालाही हेच नियम, जरा जास्तच कडक.

डबाबंद कडधान्यंही चालतील. पाणी ओतून नळाखाली धुतली की बरंच मीठ निघून जातं. गोठवलेल्या भाज्याही बिनधास्त घ्या. "ताजं नाही म्हणजे सत्त्व नाही" हा समज खोटा आहे, त्या तोडल्यावर लगेच गोठवतात. फक्त सॉस किंवा लोणी लावलेल्या नकोत.

---

बारीक_अक्षरं

चौथ्या सत्राबद्दल. पाकिटावरचा सगळा तक्ता शिकवायला जाऊ नका. दीड तासात सगळं सांगितलं की दुकानात काहीच आठवत नाही. दोन पदार्थ आणि दोन आकडे, एवढंच ठेवा: पेयाची साखर, आणि खारट पदार्थाचं मीठ.

सामान: बायकांना घरून रिकामी पाकिटं आणि बाटल्या आणायला सांगा. आपण "आदर्श" नमुने नेले तर ते त्यांच्या खरेदीतले नसतात.

पायऱ्या अशा:

आधी रकाना शोधायचा. तक्त्यात बहुधा दोन असतात, "१०० ग्रॅम किंवा १०० मिलिमागे" आणि "एका वाढपामागे". तुलना करायची तर फक्त १०० चा रकाना. वाढपाचा आकार कंपनी ठरवते आणि तो पुष्कळदा कुणीच खात नाही इतका छोटा असतो. काही देशांत १०० चा रकानाच नसतो. तिथे आधी वाढपाचं वजन सारखं आहे का ते बघा, नसेल तर तुलना सोडून द्या.

मग साखर. गोड फसफसत्या पेयात १०० मिलिला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅमच्या वर. चमचाभर साखर ४ ग्रॅम धरली तर बारा-तेरा चमचे. हे बोलून सांगू नका. रिकाम्या बाटलीत एकीला मोजून साखर ओतायला लावा. शिफारशीशी ताडून बघा: दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे २००० कॅलरीला ५० ग्रॅम, आणि जमल्यास ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत दिवस संपला.

फळांच्या रसाला यातून सूट नाही, हे वेगळं सांगावं लागतं. त्या शिफारशीत रसातली आणि मधातली साखरही धरलेली आहे. अख्ख्या फळातली नाही. "साखर घातलेली नाही" लिहिलेल्या बाटलीत आटवलेला रस असू शकतो.

मग मीठ. काही देशांत तक्त्यात "मीठ" लिहितात, काही ठिकाणी "सोडियम". सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेच्या ४० टक्के. हा गुणाकार कुणाला करायला लावू नका, छोटं तयार कोष्टक छापून द्या.

ऊर्जा किलोजूलमध्ये असेल तर ४.२ नं भागायचं, पण त्या आकड्यात शिरूच नका असं मी म्हणेन.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, कुठलंही सिरप दिसलं तर तो पदार्थ गोडाचा, मग पाकिटावर शेतं आणि गव्हाच्या ओंब्या का छापलेल्या असेनात. नाश्त्याची तयार सिरियल्स इथेच पकडली जातात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी: अंक बहुतेकींना ओळखता येतात. नव्या देशाच्या भाषेतले "साखर" आणि "मीठ" हे दोनच शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवा. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा, पर्समध्ये मावेल एवढं. दुकानात कार्ड पाकिटाशेजारी धरायचं आणि तसाच दिसणारा शब्द शोधायचा.

तारखांचाही घोळ असतो. पुष्कळ देशांत दोन प्रकारच्या तारखा छापतात: एक सुरक्षिततेची, तिच्यानंतर खाऊ नये अशी (दूध, मांस, मासे), आणि दुसरी फक्त चवी-दर्जाची (धान्य, बिस्किटं, डबे). फरक माहीत नसला की चांगलं धान्य फेकलं जातं आणि उतरलेलं मांस शिजवलं जातं.

पेय सोडवताना एकदम बंद करायला सांगू नका, मुलं बंड करतात. आधी घरात साठा करणं बंद, मग छोटी बाटली, मग आठवड्यातला ठरलेला दिवस. कृत्रिम गोडीच्या पेयावर आणणं हा मधला थांबा म्हणून चालतो, मुक्काम म्हणून नाही.

---

ओंजळ

तिघांचेही आभार. वजनाचं सत्र काढून टाकलं, टोपल्या नक्की.

तिसरा आणि चौथा प्रश्न अजून बाकी. शिवाय एक नवी अडचण: सरकारी पत्रकात रोज तीन पेले दूध सांगितलंय आणि गटातल्या बऱ्याच जणी "दूध सोसत नाही" म्हणतात. नाटकं समजायची की खरं?

---

अंजन

खरं. जगातल्या बहुसंख्य प्रौढांना दुधातली साखर पूर्ण पचत नाही. लहानपणी असलेलं पाचकद्रव्य पुढे कमी होतं, हीच नेहमीची गोष्ट आहे. "रोज तीन पेले" हा सल्ला ज्यांना दूध पचतं त्यांच्यासाठी लिहिलेला असतो. पर्याय: दही, मुरवलेलं कडक चीज (त्यात ही साखर जवळपास उरतच नाही), कॅल्शियम घातलेलं सोया पेय, कॅल्शियम क्षारानं जमवलेलं टोफू, काट्यांसकट खायचे छोटे मासे. पालकाला कॅल्शियमचा स्रोत म्हणून सांगू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं, अंगी फारच थोडं लागतं. कोबीच्या कुळातल्या पाल्यातलं चांगलं लागतं. बहुतेक जणी अर्धा पेला दूध जेवणाबरोबर घेतलं तर सहज पचवतात, पण आग्रह कशाला?

कमतरतांमध्ये माझा क्रम असा.

व्हिटॅमिन डी. विषुववृत्तापासून दूरच्या देशात हिवाळ्याचे काही महिने सूर्य इतका तिरपा असतो की त्वचेत ते जवळपास बनतच नाही, भर दुपारी उन्हात बसलं तरी. सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागतं, अंगभर कपडे असतील तर आणखी कमी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. जेवणातून भरून निघणं कठीण, कारण तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि मुद्दाम डी मिसळलेले पदार्थ सोडले तर स्रोतच नाहीत. बहुतेक ठिकाणची रोजची शिफारस १० ते १५ मायक्रोग्रॅममध्ये असते. गडबड एककात होते: १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. एका डबीवर "२५" आणि दुसरीवर "१०००" लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. पहिली दुबळी समजून तिच्या तीन-चार गोळ्या घेतल्या जातात.

लोह. पाळी चालू असलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा बरंच जास्त लागतं. वनस्पतीजन्य लोह कमी शोषलं जातं, पण त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर वाढतं: लिंबू पिळा, कच्ची ढोबळी मिरची, टोमॅटो, संत्रं. जेवणाबरोबरचा चहा-कॉफी त्याच्या उलट काम करतो. एक तास आधी किंवा नंतर. लोहाच्या गोळीलाही हेच लागू, आणि ती दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. "गोळ्या खाऊनही फरक नाही" या तक्रारीत हे आधी तपासा. मुलांच्या हाती ती डबी लागू देऊ नका, लोहाच्या गोळ्या लहानांना विषारी ठरतात.

आयोडीन. हे सगळ्यांत दुर्लक्षित. मायदेशी मिठात आयोडीन असायचं, नव्या देशात दुकानातलं साधं मीठ बिनआयोडीनचं असू शकतं, आणि "नैसर्गिक" म्हणून महाग विकलं जाणारं समुद्री किंवा खाणीतलं मीठ तर बहुधा तसंच असतं. पाकीट बघायलाच हवं. मोठ्यांची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी आणि दूध पाजताना २५०. दूध, मासे, अंडी खाणारीला अडचण कमी. दूध सोडून वनस्पतींच्या पेयांवर गेलेलीला जास्त. आयोडीनसाठी म्हणून मीठ वाढवायचं नाही, मीठ बदलायचं. थायरॉइडचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत, त्यांत आयोडीन बेसुमार असू शकतं.

बी १२. प्राणिजन्य पदार्थांत किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतच असतं. दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम. शाकाहारी बायका आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही, या दोघींना तपासणी सुचवा.

फॉलिक ॲसिड. गर्भ राहण्याआधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. "दिवस गेल्यावर सुरू करू" म्हटलं तर उशीर होतो, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत बंद झालेली असते. आधीच्या बाळाची ती नळी नीट बंद झालेली नसेल किंवा आई मधुमेही असेल तर मात्रा बरीच वेगळी, ती डॉक्टरच ठरवतील. गरोदरपणी व्हिटॅमिन ए (रेटिनॉल) असलेल्या गोळ्या आणि कलेजी टाळायची. मायदेशाहून आलेली "ताकदीची" गोळी याच कारणासाठी बघून घ्यावी.

वजनाबद्दल: आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले. म्हणजे २४ बीएमआय असलेल्या बाईला "तुम्ही ठीक आहात" म्हणून परत पाठवणं चुकीचं ठरू शकतं. गरोदरपणात मधुमेह झालेला असेल तर ती नोंद जुन्या देशातल्या कागदांतच राहून जाते. ते आवर्जून विचारा, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका अशा बायकांना कायम जास्त असतो.

मधुमेहाची औषधं घेणारी उपास करत असेल तर आहारसत्रात सल्ला देऊ नका. उपासाच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडे पाठवा, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात.

---

मापटं

अंजन यांच्याशी सहमत, एक पुरवणी. वजन चारचौघांत नको, पण कमरेचं माप ज्याचं त्यानं पडद्याआड घेतलं तर हरकत नाही. टेपऐवजी दोरी द्या, ८० सेंमीवर गाठ मारलेली. आशियाई बायकांसाठी धोक्याची खूण म्हणून ८० सेंमी वापरतात. गाठ जुळते की नाही हे तिचं तिला कळतं, आकडा कुणाला सांगावा लागत नाही. माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. बेंबी किंवा नाडीच्या जागी घेतलं की चुकतं.

---

सतरंजी

आहाराचं वर आलंच आहे. मी फक्त सत्र चालवण्याबद्दल लिहिते, कारण कार्यक्रम बुडतात ते इथेच.

गट ८ ते १२ जणींचा, एका सत्रात एकच भाषा. तीन भाषांतून एकाच वेळी भाषांतर करत बसलात तर दीड तासाचा अर्धा तास होतो. त्याच समाजातली, जरा आधी आलेली एखादी जण प्रशिक्षण देऊन सहशिक्षिका करा, आणि तिला मानधन द्या. फुकट राबवलीत तर ती नोकरी लागताच जाईल, ते योग्यच आहे म्हणा. मुलांना सांभाळायची सोय त्याच इमारतीत हवी, "मुलांना आणू नका" म्हणजे "येऊ नका".

दर सत्राला "समजलं का?" विचारू नका, सगळ्या मान डोलावतात. "घरी गेल्यावर नवऱ्याला हे कसं सांगाल?" विचारा. तिनं सांगितलेलं चुकलं तर आपलं सांगणं चुकलं असं धरून पुन्हा वेगळ्या पद्धतीनं सांगा.

दुसऱ्या सत्राच्या आत तीन गोष्टी माहीत हव्यात: खरेदीला कोण जातं, पैसे कुणाकडे असतात, आणि काय शिजवायचं हे कोण ठरवतं. तिन्ही उत्तरं "मी नाही" असतील तर त्या बाईला शिकवून घरात काही हलणार नाही. मग एखादं सत्र नवरे, सासवा, मोठी मुलं यांच्यासह ठेवा, विषय पाकिटं वाचण्याचा ठेवा. पुरुष त्यात रमतात.

आणि महिनाअखेरीला घरात धान्य-भाजी पुरते का, हे खासगीत विचारा. पुरत नसेल तर ४०० ग्रॅम भाज्यांचं भाषण म्हणजे जखमेवर मीठ. तिला आधी मदतीच्या योजनांची माहिती द्या, आणि सत्रातल्या पाककृती कोरड्या कडधान्यांच्या आणि गोठवलेल्या भाज्यांच्या ठेवा.

चौथा प्रश्न, मोजायचं काय. चारच आकडे: आठवड्यातून गोड पेयं किती वेळा, आठवड्यातून कडधान्य किती दिवस, काल भाजी-फळ किती वाट्या, तेलाची बाटली किती दिवस पुरली. सुरुवातीला, सहाव्या सत्रानंतर आणि पुन्हा तीन महिन्यांनी. तीन महिन्यांचं सोडू नका, सत्रं संपल्या संपल्या सगळ्यांचंच छान असतं. शिकवणारीनं स्वतः हे प्रश्न विचारू नयेत, तिला खूश करणारी उत्तरं येतात. दुसऱ्या कुणाला तरी विचारायला लावा, आणि शक्य असेल तर आठवडाभराच्या खरेदीच्या पावत्या बघा. माहिती किती वाढली याची प्रश्नपत्रिका घेऊ नका. साखर वाईट हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं.

---

ओंजळ

सतरंजीताई, तेलाच्या बाटलीबद्दल एक शंका. मोठी कुटुंबं पाच लिटरचा डबा आणतात, तो दीड-दोन महिने पुरतो. तारखेचा कागद तोवर हरवतो. शिवाय पाहुणे आले की हिशोब बिघडतो.

---

खलबत्ता

माझं सुचवणं होतं म्हणून मीच उत्तर देतो. डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करायचं. अर्ध्या लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची, आणि ती भरली की डब्यावरच पेननं एक रेघ मारायची, शेजारी तारीख. कागद लागत नाही. पाहुण्यांच्या आठवड्यातल्या रेघेवर फुली मारून ती मोजणीतून वगळायची. बाटलीचं तोंड अरुंद हवं. रुंद तोंडाच्या बाटलीतून तिरपी केली की एकदम दोन-तीन चमचे पडतात, मग डाव किंवा चमचा वापरायची सवय लावावी लागते आणि ती फारशी टिकत नाही. बाटली चुलीपासून लांब, झाकण लावलेली. तापलं-उजेडात राहिलं की तेल लवकर खवट होतं.